हात केलेली माणसं

धाकट्या भावाला पुण्यात नोकरी लागली तेव्हा त्यानं घरातून दोन बॅगा, एक कुकर आणि चटणीची बरणी नेली, पण टीव्हीखालचं गेमचं काळं यंत्र मात्र तिथंच ठेवलं. "मी नवीन घेणार हाय. ह्ये तुला ऱ्हाऊ दे, आक्का," म्हणाला. मी मोठी बहीण म्हणून तो मला आक्का म्हणतो आणि त्याचं ऐकून ऐकून आईवडीलही मला आक्काच म्हणायला लागले. एकेचाळिसाव्या वर्षी आपल्याला कुणी खेळणं देईल असं मला वाटलं नव्हतं, पण आयतं मिळालेलं नाही कशाला म्हणा.

माझं कोर्टाजवळ टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. तिथं येणारा प्रत्येक माणूस घाईत असतो. कुणाला प्रतिज्ञापत्र पाच मिनिटांत पाहिजे असतं, कुणाचा वकील पायरीवर उभा राहून घड्याळ दाखवत असतो, आणि वीज नेमकी तेव्हाच जाते. या धंद्यानं माझा स्वभाव तापट झाला असं आई म्हणते. मुळातच तापट होते म्हणून हा धंदा मला जमला, असं माझं म्हणणं आहे. काही का असेना, संध्याकाळी शटर ओढून घरी आलं की मला काहीतरी पटापट होणारं हवं असायचं. भावाच्या गेमवर टोपीवाला घोडेस्वार होता आणि त्याच्या हातात बंदूक होती. म्हटलं, चला, चार लोकांना गोळ्या घालू, डोकं हलकं होईल.

पहिल्या तासात मी एकही गोळी झाडली नाही. नुसती घोड्यावरून चालले होते.

हळूहळू कळलं की हा गेमच तसा आहे. जुन्या काळची अमेरिका, माळरान, डोंगर, नद्या, मध्येच एखादं लाकडी घरांचं गाव, आणि एका गावाहून दुसऱ्या गावाला जायला दहा मिनिटं. अगदी आपल्या घड्याळातली दहा मिनिटं. टेबलाचा खण उघडायचा तर माणूस वाकणार, खण ओढणार, आतली डबी उचलणार, न्याहाळणार, खिशात घालणार, मग दुसरा खण. शिकार केली तर कातडं काढून होईपर्यंत बघत बसायचं. घोडा मळला की त्याला ब्रशनं घासायचा, भुकेला की चारायचा. अरे, घरातली कामं करून मी इथं बसले, आणि इथंही कामंच? दिसायला ते सगळं फार देखणं होतं हे मान्य. ऊन गवतावरून सरकायचं, ढगाची सावली डोंगर चढून पलीकडं जायची. पण देखणेपण बघायला मला रंकाळा तलाव आहे.

शिवाय बटणांचा घोळ. माणसाला रामराम करायचं आणि त्याच्यावर बंदूक रोखायची, या दोन्हींची बटणं शेजारी शेजारी. एकदा एका दुकानदाराला टोपी काढून नमस्कार करायला गेले आणि बंदूक त्याच्या कपाळाला लावली. मग काय, सगळं गाव माझ्यामागं. मी चिडून हातातलं ते खेळायचं यंत्र सोफ्यावर फेकलं.

सोफ्यावर आण्णा बसले होते. आण्णा म्हणजे माझे वडील. त्यांनी ते उचललं, उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाले, "घोडं ब्येस हाय की. का वराडतीस?"

"तुम्हीच चालवा मग. हा घ्या कंट्रोलर."

"कंट्रोलर त्यो स्टँडवर खिडकीत बसतोय. ह्ये स्टिअरिंग हाय," आण्णा म्हणाले, आणि घोडा चालायला लागला.

आण्णांनी एकतीस वर्षं एसटीची लाल गाडी चालवली. कोडोली, पन्हाळा, शिरोळ, नृसिंहवाडी असे सगळे रस्ते त्यांच्या हाताखालून गेले. त्यांचा एकच नियम होता. रस्त्याकडेच्या माणसानं हात केला की गाडी थांबवायची. थांबा असो वा नसो. उसाच्या ट्रॉल्या मागं खोळंबल्या तरी चालतील, कंडक्टर कुरकुरला तरी चालेल. "हात केलेलं माणूस मागं ठिवायचं न्हाय," असं ते म्हणायचे. शिरोळच्या बाजूला अजून अशी घरं आहेत जिथं आण्णा गेले की आधी पाणी नाही, चहा येतो, कारण त्या घरातली कुणी तरी बाई कधीकाळी बाळंतपणाला त्यांच्या गाडीतून वेळेवर पोचली होती. लहानपणी मला या गोष्टीचा फार अभिमान होता. अजूनही आहे.

निवृत्तीनंतर त्यांच्याकडं मोटरसायकल राहिली. दर शनिवारी ते तिच्यावरून कोडोलीला जायचे, चुलत्यांच्या रानात चक्कर मारून दुपारी परत यायचे. वय अडुसष्ट. आईचा या गाडीवर राग होता. "बास करा आता. हातपाय मोडून घेतल्यावर कोन बगनार?" हे शुक्रवारी रात्रीच्या जेवणाला ठरलेलं. शेवटी तो खटला माझ्यापुढं आला, आणि कोर्टाशेजारी बसून बसून मला निकाल द्यायची हौस आलेलीच आहे. मी सांगितलं, "आण्णा गाडी चालवतील. ज्या दिवशी मला वाटेल त्यांच्यानं होत नाही, त्या दिवशी मी स्वतः किल्ली मागून घेईन. तोवर कुणी बोलायचं नाही." आण्णांनी मान डोलावली. आई म्हणाली, "तू मागशील तवा बगू." तेव्हापासून ती जबाबदारी माझी.

तर गेम. माझ्या हातात जो गेम रडत होता तो आण्णांच्या हातात सुखानं चालायला लागला. त्यांना घाईच नव्हती. घोडा पळवायला एक बटण सारखं दाबावं लागतं. ते आण्णा दाबायचेच नाहीत. "इंजान तापतंय," म्हणायचे. घोड्याला ते गाडीच म्हणायचे. गाडी दमली, गाडीला पाणी दाव, गाडी सावलीला लाव. सकाळी गेम सुरू केल्या केल्या खाली उतरून घोड्याभोवती एक फेरी मारायचे. चाकातली हवा बघायची सवय. आणि अमेरिकेत ते रस्त्याच्या डाव्या कडेनं चालायचे. समोरून बग्ग्या अंगावर यायच्या, त्यांचे गाडीवान शिव्या द्यायचे. "आण्णा, तिकडं लोक उजवीकडून चालवतात," मी सांगितलं. "मग त्यांचं चुकतंय," आण्णा म्हणाले.

आणि त्या रस्त्यांवर माणसं हात करायची. हे त्या गेममधलं मला सगळ्यांत आवडलेलं. आपण आपल्या वाटेनं जात असतो आणि कडेला कुणी तरी उभं असतं. एखाद्या बाईचा घोडा मेलेला असतो, तिला गावात सोडायचं असतं. एखाद्याला साप चावलेला असतो. कुणाचं चाक निखळलेलं असतं. थांबलं तर थांबलं, नाही थांबलं तर गेम काही बोलत नाही. आण्णा प्रत्येकाला थांबायचे. घोडा कडेला घ्यायचे आणि टीव्हीकडं बघून मोठ्यानं विचारायचे, "काय वो पावणं, कुटं जायाचं?" तो पावणा इंग्रजीत काहीतरी सांगायचा, मी मराठीत सांगायचे, आणि आण्णा म्हणायचे, "बसा की मग." आई आत भाकरी थापता थापता ओरडायची, "त्या पावन्यांचं झालं असंल तर घरच्यांचं ताट वाढते. आन् सातला माझी मालिका हाय."

त्यांनी गोष्ट मात्र काहीच पुढं नेली नाही. दोन महिने झाले तरी गाडी सुरुवातीच्याच गावाभोवती. कारण त्या गोष्टीत दरोडे घालायचे असतात, आणि आण्णा दरोड्याला निघाले की वाटेत कुणी तरी हात करायचं. एकदा टोळीबरोबर निघालेले असताना ते एका म्हाताऱ्याला थांबले आणि पडदा काळा झाला. साथीदारांना सोडून गेल्यामुळं काम फसलं, असं इंग्रजीत आलं. हा त्या गेमचा खरा दोष. सगळं जग मोकळं ठेवायचं आणि कामाला लागलं की आखलेल्या रेषेवर पाय पडला तरी बाद करायचं. आण्णांचा संताप झाला. "वाटंत मानूस हुबा हाय आन् थांबायचं न्हाय? असला कसला कंट्रोलर ह्यो!"

दुसरा दोष जास्त वाईट होता. हात करणाऱ्यांपैकी काही जण लुटारू असायचे. मोडक्या गाडीशेजारी एक जण कळवळून हाका मारायचा, आण्णा थांबायचे, आणि दगडामागून आणखी तिघे उठायचे. पहिल्यांदा आण्णांना गोळी लागली तेव्हा ते खरोखर दचकले. "अरं, मी मदतीला आलतो की तुज्या," असं टीव्हीला म्हणाले. दुसऱ्यांदा फसले, तिसऱ्यांदाही फसले. तिसऱ्या वेळी तर त्यांचा घोडाही मेला. तो नेहमीचा तांबूस घोडा परत येणार नाही हे मी सांगितलं, तेव्हा त्यांनी टीव्ही बंद केला. मग उठून बाहेर आपल्या मोटरसायकलची साखळी पुसत बसले. मला त्या गेम बनवणाऱ्यांचा राग आला. एवढं सुंदर जग उभं केलं आणि त्यात भल्या माणसाला धडा शिकवायची कसली खुमखुमी होती यांना?

हे झालं जानेवारीच्या अखेरीस. त्यानंतर थोड्याच दिवसांत आण्णांचं एकदा सकाळी डोकं दुखलं, उलटी झाली. पित्त म्हणून त्यांनी आलं-लिंबू घेतलं, दिवसभर झोपून राहिले. दुसऱ्या दिवशी उठून आंघोळ करून पेपर वाचत बसलेले बघून आम्ही ते विसरूनही गेलो.

पण गेममध्ये आण्णा बदलले. आता ते थांबेनात.

आधी माझ्या लक्षात आलं नाही. मी भाजी निवडत शेजारी बसलेली असायचे. एक दिवस कडेला एक माणूस उभा होता, चांगला दोन्ही हात हलवत होता, आणि आण्णांनी घोडा त्याच्यासमोरून सरळ पुढं नेला. मला वाटलं, नवीन घोडा आहे, आवरला नसेल. दुसऱ्या दिवशी एका बाईला तसंच मागं टाकलं. कधी कधी थांबायचे, पण नेहमीसारखं नाही. कुणी तरी हाक मारली की घोडा थांबवून इकडंतिकडं बघायचे आणि मग पुढं निघून जायचे. मी मनात म्हटलं, झालं, शिकले आण्णा. तीन वेळा फसल्यावर शिकले. इतक्या वर्षांच्या रस्त्यानं जे त्यांना शिकवलं नाही, ते या खेळण्यानं तीन महिन्यांत शिकवलं. आणि मला त्याचं इतकं वाईट वाटलं, की मी गेमवर चिडायचं सोडून आण्णांवरच चिडायला लागले.

एके दिवशी बोललेच. रस्त्याकडेला एक बाई मेलेल्या घोड्याशेजारी बसून हात करत होती. आण्णा तिच्याजवळून गेले.

"आण्णा, ती बाई!"

"कुटली बाई?"

"मागं राहिली ती. एवढा हात करत होती!"

त्यांनी घोडा जागच्या जागी वळवला. पडद्यावरचं चित्र फिरलं आणि ती बाई दिसली. "ही कवा आली?" आण्णा म्हणाले. "ह्यो गेम मानसं अचानक आनून ठिवतोय बग. मगाशी न्हवती."

आता गेम तसं करतातही, हे मला माहीत होतं. पण त्या दिवशी दुकानात वाईट दिवस गेलेला. मी म्हटलं, "उगाच गेमवर ढकलू नका. लुटारू भेटल्यापासून तुम्ही माणसं टाळायला लागलाय. स्पष्ट सांगा की, नाही थांबायचं म्हणून."

आण्णांनी माझ्याकडं बघितलं. हातातलं यंत्र हळूच सोफ्यावर ठेवलं आणि आईला म्हणाले, "तुजी मालिका लाव." दोन दिवस त्यांनी गेमला हात लावला नाही. मी माफी मागितली नाही. मला वाटत होतं माझं बरोबर आहे.

तिसऱ्या दिवशी मीच गेम लावून दिला, रुसवा काढायला. ते खेळायला बसले. मी चहा केला, त्यांच्या डाव्या बाजूच्या स्टुलावर कप ठेवला आणि म्हटलं, "चहा ठेवलाय." म्हणाले, "हां." मी आत जाऊन कपडे घड्या करून आले तरी चहा तसाच. वर साय धरली होती.

"आण्णा, गार झाला की."

"तू ठिवलास कुटं?"

त्या आठवड्यातल्या सगळ्या बारीकसारीक गोष्टी डोक्यात यायला लागल्या. आईची तक्रार, की हल्ली पाण्याचा तांब्या यांच्या धक्क्यानं रोज सांडतो. दाराच्या चौकटीला आपटलेला खांदा. मोटरसायकलचा फुटलेला आरसा, जो म्हणे स्टँडवर कुणी तरी गाडी लावताना फोडला. आरसा डावा होता. खांदा डावा होता. आणि आण्णा अमेरिकेतही रस्त्याच्या डाव्या कडेनं चालत होते, म्हणजे हात करणारी माणसं डावीकडंच असणार.

मी त्यांच्या डाव्या बाजूला, दोन हातांवर जाऊन उभी राहिले. आवाज न करता. आणि मी हात वर केला. बसला करतात तसा, पूर्ण. आण्णा टीव्हीकडं बघत होते. मी हात हलवला. ते घोडा चालवत राहिले. मी तशीच उभी राहिले, आणि माझ्या बापानं गाडी थांबवली नाही.

आईला हाक मारली तेव्हा मी रडत होते की ओरडत होते, मला आठवत नाही. त्याच संध्याकाळी रिक्षानं दवाखान्यात नेलं. तिथून डोळ्यांच्या डॉक्टरकडं, तिथून डोक्याचा फोटो काढायला, असं दोन दिवस चाललं. शेवटी डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं. त्या पित्ताच्या दिवशी पित्त नव्हतंच. मेंदूतली एक बारीक रक्तवाहिनी बंद पडली होती. डोळे चांगले आहेत, पण दोन्ही डोळ्यांना समोरच्या चित्राचा डावा अर्धा भाग दिसत नाही. आणि माणसाला स्वतःला ते कळत नाही, कारण तिथं अंधार दिसत नाही. तिथं काहीच नसतं. गोळ्या आयुष्यभर, मान डावीकडं वळवून बघायची सवय लावायची, आणि गाडी बंद. मी गेमचं सांगितलं तेव्हा डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, बरं झालं लक्षात आलं, आणि खेळू देत त्यांना, तेवढीच सवय होईल. अजून खेळतात. चार पावलं गेलं की घोडा थांबवून डावीकडं बघतात. आधी संथ होतं ते आता त्याहून संथ झालं आहे, आणि मी शेजारी बसून एक अक्षर बोलत नाही.

दवाखान्यातून आम्ही तिघं रिक्षानं परत निघालो. किल्लीचं कसं काढायचं याची मी मनात जुळवाजुळव करत होते. आईनं एका शब्दानं "मी म्हटलं नव्हतं का" असं ऐकवलं नाही, याबद्दल मी तिची कायम ऋणी आहे. दसरा चौकात सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा आण्णाच म्हणाले, "तू किल्ली मागनार हुतीस न्हवं, आक्का? माग की."

"द्या," मी म्हटलं.

"खिळ्याला हाय. घे जा. पन आदी मला सांग, कवापासनं मी असा हाय?"

"पित्त झालं त्या दिवसापासून."

त्यांनी बोटांवर मोजलं. "पाच शनिवार," म्हणाले. "पाच शनिवार मी हायवेनं गेलतो. डाव्या अंगाला शाळंची पोरं असत्यात, बायका असत्यात. कुनाला लागलं असंल तर?"

"लागलं असतं तर कळलं असतं, आण्णा."

"तुज्या स्टुलावरचा चहा मला कळला का?"

किल्ली गेली याचं त्यांना काही वाटत नव्हतं असं नाही. पण ते त्या पाच शनिवारांत अडकले होते. रात्री जेवले नाहीत. भावाला फोनवर काही सांगायचं नाही, पै-पाहुण्यांत बोलायचं नाही, अशी आम्हा दोघींना ताकीद दिली. मी बुद्धीनं समजावत राहिले आणि ते मान हलवत राहिले. शुक्रवारी म्हणाले, "आक्का, उद्या दुकान उशिरा उघड. तुज्या गाडीवरनं मला कोडोलीला ने."

शनिवारी सकाळी मी त्यांना स्कूटरवर मागं बसवून निघाले. आण्णांना गाडीवर मागं बसलेलं मी त्याआधी बघितलेलं नव्हतं. त्यांना हात कुठं ठेवायचे हेच कळत नव्हतं. पंचगंगेचा पूल ओलांडला आणि त्यांनी पहिल्यांदा खांद्यावर थाप मारली. "थांब." थांब्यावर चार माणसं उभी होती. आण्णा उतरले, मान पूर्ण डावीकडं वळवून त्यांना बघितलं आणि विचारलं, "पावणं, गेल्या महिन्या-दीड महिन्यात शनवारी हितं कुनाला मोटरसायकलीचा धक्का लागला का?" माणसं एकमेकांकडं बघायला लागली. "पोलीस हायसा काय?" एकानं विचारलं. "न्हाय, डायवर हाय," आण्णा म्हणाले. कुणाला काही लागलं नव्हतं.

असं आम्ही सात-आठ ठिकाणी थांबलो. चहाची टपरी, पंक्चरवाला, शाळेचं फाटक, फळवाली बाई. प्रत्येक ठिकाणी तोच प्रश्न. मला आधी लाज वाटत होती, मग वाटेनाशी झाली. वाठारच्या फाट्यापर्यंत येता येता मीच विचारायला लागले होते. प्रत्येक "न्हाय बा" ऐकून आण्णांचा चेहरा थोडा सैल होत होता.

वाठारच्या फाट्याहून कोडोलीचा रस्ता वळतो. तिथं चहाच्या टपरीशेजारी आण्णांच्या वयाचा एक माणूस पिशवी घेऊन उभा होता. हा आण्णांचा शाळेतला सोबती. फाट्यावरच्या गोदामात वॉचमन आहे. शनिवारी सकाळी ड्यूटी संपली की आण्णांच्या मोटरसायकलवर मागं बसून गावी जायचं, हे त्यांचं वर्षानुवर्षांचं ठरलेलं. महिनाभर तो दिसला नाही तेव्हा ड्यूटी बदलली असेल, असं आण्णांना वाटलं होतं. आण्णा उतरले, डावीकडं वळले, त्यांना तो दिसला, आणि त्या माणसानं तोंड फिरवलं.

"काय रं, बोलत न्हाईस?" आण्णा म्हणाले.

"कशाला बोलू? पाच शनिवार झालं, हात करतोय तुला. पयल्या बारीला म्हटलं गडबडीत असंल. दुसऱ्या बारीला तर हाकबी मारली. फुडनं गेलास. पेन्शनीचा माज आलाय म्हटलं ह्याला. मानसं वळकंना झालाय."

मी रस्त्याकडं बघत उभी राहिले. हे सगळं मी घरी बसून बोलले होते, फक्त जरा शुद्ध भाषेत.

आण्णांनी आतापर्यंत हे कुणालाच सांगितलं नव्हतं, स्वतःच्या मुलालाही नाही. "मला डाव्या अंगाचं दिसत न्हाय गा," ते म्हणाले. "पित्त झाल्यालं त्या दिवसापासनं. आत्ता ह्या आटवड्यात कळलं."

तो माणूस जवळ आला. त्यानं एकदा त्यांच्या डाव्या डोळ्यापुढं हात हलवून बघितला. मग जो भडकला!

"आन् मग सांगायचं न्हाईस व्हय? उजव्या अंगाला हुबा ऱ्हायलो असतो की मी!"

आण्णा हसायला लागले. पोट धरून, रस्त्यावरची माणसं बघतील असे हसले, आणि हसता हसता त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. मी तिथं फाट्यावर सगळ्यांसमोर रडले. मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटत होतं.

मग आण्णांनी त्याच्या हातातली पिशवी घेतली, माझ्या स्कूटरच्या हुकाला अडकवली आणि त्याला मागं बसवलं. "ह्याला आदी गावात सोड," मला म्हणाले. "मग मला न्यायला ये." तिघांना एका गाडीवर जागा नव्हती, आणि आण्णा टपरीशेजारी, जिथं तो उभा होता तिथं, माझी वाट बघत उभे राहिले.